बॅटरीवरची बग्गी खाऱ्या वाऱ्यात किती वर्षं टिकते?

कोकणात गोल्फ कोण खेळतं हे विचारू नका. पण गोल्फ कार्ट नावाची ती बिनदारांची, वर छप्पर असलेली गाडी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता जागोजागी दिसते. फाटकापासून खोल्यांपर्यंत पाहुणे आणि त्यांच्या बॅगा न्यायला, आमराईत फेरी मारायला, कुठे वयस्कर माणसांना चढावरून वर सोडायला. आम्ही तिला सरळ बग्गी म्हणतो.

मी मालवणजवळ, तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात अशा काही बग्ग्यांची देखभाल करतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. वारा कुठूनही आला तरी खाराच. नवीन बग्गी घेतलेला प्रत्येक जण मला पहिला प्रश्न विचारतो तो असा: किती वर्षं चालेल? माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्याकडे पावसाळ्यात ती कुठे आणि कशी उभी राहणार ते आधी सांगा. कारण या किनाऱ्यावर बग्ग्या चालून कमी मरतात, उभ्या राहून जास्त मरतात. हा लेख पहिल्यांदा बग्गी सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मेकॅनिक व्हायची गरज नाही, पण सीट उचलून खाली बघायची सवय लावून घ्यावी लागेल.

आधी हे समजून घ्या: गाडीला एक वय नसतं

सांगाडा, मोटर आणि मागचा एक्सल नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं आरामात जातात. बॅटरीचं तसं नाही. साध्या लेड ॲसिड बॅटरीचा संच चांगल्या देखभालीत चार ते सहा वर्षं देतो. पर्यटनाच्या धंद्यात, दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या मारत, आमच्या हवेत तीन ते चार वर्षं मिळाली तर मी समाधानी असतो. दुर्लक्ष केलं तर तोच संच दीड वर्षात झोपलेला मी पाहिला आहे. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या दोन ते चार हजार वेळा चार्ज होऊ शकतात. आठ-दहा वर्षांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

म्हणून ‘गाडी पाच वर्षांची झाली, आता विकू’ हा हिशोब चुकतो. बहुतेक वेळा गाडी म्हातारी झालेली नसते, तिच्या पोटातली बॅटरी गेलेली असते. कधी उलटही असतं. बॅटरी नवी कोरी आणि खालून सांगाडा चाळणी. तो प्रकार जास्त वाईट.

पहिलं काम: सीट उचला आणि काय आहे ते लिहून घ्या

बहुतेक बग्ग्या ४८ व्होल्टच्या असतात, जुन्या काही ३६ च्या. ४८ व्होल्ट म्हणजे ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, किंवा ६ व्होल्टच्या आठ, किंवा १२ व्होल्टच्या चार. एकेका बॅटरीवर किती टोपणं आहेत ते मोजा: दर टोपणाखाली २ व्होल्टचा एक कप्पा असतो. चार टोपणं म्हणजे ८ व्होल्ट. बॅटरीवरची तारीख किंवा कोड टिपून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर ही तारीख विक्रेत्याच्या तोंडच्या तारखेपेक्षा खरी.

हात घालण्याआधी तीन गोष्टी. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. पान्यातून दोन टर्मिनल जुळली तर पाना लाल होतो. डोळ्यांवर चष्मा घाला. सीटखाली ‘रन’ आणि ‘टो’ असं लिहिलेला खटका असेल तर तो ‘टो’वर करा आणि मगच वायर सोडा, सोडताना आधी निगेटिव्ह. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा.

सेकंडहँड गाडीची परीक्षा सपाट अंगणात करू नका. चार माणसं बसवून चढावर न्या. आराम केलेल्या बॅटरीचे व्होल्ट सगळे सुंदर दिसतात. लबाडी चढावर उघडी पडते. चढताना कोणी तरी मीटर धरून एकेक बॅटरी तपासली, तर खराब असेल ती इतरांपेक्षा एकदम खाली गेलेली दिसते. मग गाडीखाली कार्डबोर्ड टाकून आडवे व्हा आणि बॅटरीच्या तळाचा पत्रा, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचे टोकाचे बुश, स्टिअरिंगचे सांधे बघा. स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचून बघायला लाजू नका. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी लाजलो होतो. वरून चकचकीत पांढरी, खालून बॅटरीचा ट्रे पापडासारखा. विकणारा गोड बोलत होता, एवढंच आता आठवतं.

चार्जिंग: इथेच सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात

लेड ॲसिड बॅटरी जशी रिकामी होते, तसा तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. चार्ज केल्यावर तो विरघळतो. पण बॅटरी रिकामी किंवा अर्धी तशीच राहिली, तर त्या थराचे कडक स्फटिक होतात आणि मग ते सुटत नाहीत. जेवढ्या प्लेटा झाकल्या, तेवढी बॅटरी गेली. यालाच सल्फेशन म्हणतात.

यातून निघणारा नियम सोपा आहे, पण आपल्या मोबाइलच्या सवयीने तो पचत नाही. दिवसात गाडी दोनच फेऱ्या चालली तरी रात्री चार्जला लावा. ‘पूर्ण उतरू दे, मग लावू’ हा सल्ला देणारा प्रत्येक गावात एक असतो. लेड ॲसिडला त्याने फक्त नुकसान होतं. शक्यतो निम्म्याखाली उतरवू नका, आणि अगदी नाइलाज झाला तरी ८० टक्क्यांच्या पुढे वापरू नका.

दुसरी अर्धी गोष्ट लोक विसरतात. चार्जिंग अर्ध्यावर तोडू नका. पहिले ८० टक्के पटकन भरतात, शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात. सकाळी सहाला पाहुण्यांना डॉल्फिन बघायला न्यायचंय म्हणून रोज पाचला प्लग काढला, तर बॅटरी रोज थोडी उपाशी राहते आणि वर्षभरात दुबळी होते. पूर्ण चार्जला आठ ते दहा तास धरा. संध्याकाळी सातला लावायची शिस्त लागली की हा प्रश्न उरत नाही. खर्चाची भीती नको: ८ व्होल्ट, १७० अँपिअर-अवरच्या सहा बॅटऱ्यांत साधारण ८ युनिट मावतात. निम्मी उतरलेली गाडी भरायला पाच-एक युनिट जातात.

किती उरलंय हे डॅशबोर्डवरच्या काडीवरून ठरवू नका. गाडी निदान सहा तास उभी राहिल्यावर साध्या मल्टिमीटरने पूर्ण संचाचे व्होल्ट मोजा. ४८ व्होल्टच्या लेड ॲसिड संचात ५०.९ च्या आसपास म्हणजे पूर्ण, ५० म्हणजे साधारण पाऊण, ४८.४ म्हणजे निम्मं. म्हणजे मीटरवर ४८ दिसले म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तिथे गाडी निम्म्यापेक्षा खाली गेलेली असते. हायड्रोमीटर, म्हणजे कप्प्यातल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी, वापरणार असाल तर पूर्ण भरलेल्या कप्प्याची घनता १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान यावी. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा फार कमी दाखवत असेल, तर आजारी कोण आहे ते कळलं.

नव्या बॅटऱ्यांबद्दल एक गैरसमज असतो. पहिल्या महिन्यात गाडी अपेक्षेपेक्षा कमी पळते आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. नव्या संचाला पूर्ण ताकद यायला काही डझन चार्ज लागतात. तोवर लांबच्या फेऱ्या, लग्नाची वरात वगैरे नको.

चार्जरची जागाही बघा. लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरे. बंद खोलीत, देवघरामागच्या अडगळीत, जिथे कोणी विडी ओढतं तिथे चार्जिंग नको. उघडी पडवी किंवा जाळीचा मांगर, म्हणजे शेड, उत्तम. गोठ्याला लागून मात्र उभी करू नका. गोठ्यातला अमोनिया तांब्या-पितळेला खातो, आणि बग्गीत तांबं भरपूर असतं. चार्जरला त्याचा स्वतःचा १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि एमसीबी द्या. मंडपवाल्याची बारीक वायर जोडून लांबून चार्जिंग करणाऱ्यांचे प्लग वितळलेले मी बघतो. मे महिन्यात वळवाच्या आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढा, खटका बंद करून भागत नाही.

पाणी

एकदा एका ठिकाणचा ड्रायव्हर सकाळी फोनवर म्हणाला, “काका, रात्रभर चार्जिंगक लावलेली, तरी चढावर चढना नाय.”

मी विचारलं, “पाणी कधी घातलंस?”

“खंयचा पाणी?”

तिथेच निदान झालं. आठ महिने टोपणच उघडलं नव्हतं.

टोपणाच्या लेड ॲसिड बॅटरीत चार्जिंगमुळे पाणी कमी होतं, उन्हाळ्यात जास्त. मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी बघा, एरवी महिन्याने. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. कोकणातल्या पाण्याबद्दल आपल्याला अभिमान असतो, पण किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात आणि त्यातलं मीठ बॅटरीचा जीव घेतं. आरओचं पाणी नको, पावसाचं नको. एसीच्या नळीतून गळणारं पाणी फुकट मिळतं म्हणून अनेक जण वापरतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश येतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीच्या संचासमोर काहीच नाही.

पाणी घालायची वेळ चार्ज झाल्यानंतरची. चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर उकळतं आणि ट्रे खातं. प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तरच चार्जिंगच्या आधी त्या बुडतील एवढं घाला. चार्ज झाल्यावर टोपणाच्या आतल्या नळीच्या तळापासून साधारण ३ मिलिमीटर खाली, एवढं भरा. ॲसिड मात्र कधीही वरून घालायचं नाही. ‘थोडं ॲसिड टाकलं की ताकद येते’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मीठ: या किनाऱ्याचा खरा हिशोब

दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, ते नुसती गार हवा आणत नाहीत. लाटा फुटताना उडालेल्या बारीक थेंबांचं मीठ आणतात. हे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप ओलावा ओढून घेतं आणि धातूवर खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे मे महिन्यात गाडीच्या पोटाला चिकटलेलं मीठ पुढचे चार महिने ओलंच राहतं, आणि लोखंड रात्रंदिवस गंजत राहतं. गाडी छपराखाली उभी आहे, एक थेंब पावसाचा लागला नाही, तरीही.

किंबहुना छपराखाली आहे म्हणूनच. ही गोष्ट मला बरीच वर्षं उलटी वाटायची. पावसात उघडी असलेली बाजू निदान धुतली तरी जाते. आडोशाची बाजू, म्हणजे सीटखालचा पत्रा, मडगार्डची आतली कड, बॅटरीच्या ट्रेचा तळ, तिथे मीठ साचत जातं आणि तिला आंघोळ कधीच नसते. किनाऱ्याजवळच्या घरांचे गज बघा, पागोळीखालच्या भागापेक्षा वळचणीचा भाग आधी सडलेला दिसेल.

त्यामुळे बग्गीला वरून पुसून चकाकी आणण्यापेक्षा खालून धुणं महत्त्वाचं. हंगामात आठवड्यातून एकदा, गोड्या पाण्याने, साध्या बागेच्या नळीने, मंद धारेने. विहीर मचूळ असेल तर टाकीतलं नळाचं पाणी वापरा, नाही तर मिठाने मीठ धुतल्यासारखं होतं. सर्व्हिस सेंटरसारखी जोरदार धार मारू नका. कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), मोटर, खटके यांच्यात पाणी घुसतं. धुतल्यावर गाडी उन्हात उभी करून पूर्ण वाळू द्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-निळसर भुकटी जमते. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघासणीने ती घासा. फेस येतो, घाबरू नका. टोपणं मात्र घट्ट बंद हवीत; सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं. मग गोडं पाणी, मग कोरडं फडकं, मग नट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी घट्ट, मग व्हॅसलीन. ढिल्या टर्मिनलमधून चढावर दोनशेपेक्षा जास्त अँपिअर जातात तेव्हा शिशाचा खांब मेणबत्तीसारखा वितळतो. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

केबल बदलायची वेळ आली तर एकच सुधारणा करा. कलई केलेल्या तांब्याची केबल आणि कलईचे लग, म्हणजे केबलच्या टोकाची कडी, घ्या, बोटींत वापरतात तसे. साध्या तांब्याची वायर इन्सुलेशनच्या आत हातभर काळी-हिरवी पडत जाते, वरून काही दिसत नाही, आणि गाडी का थकली हे कोणाला कळत नाही. थोडी महाग पडते. आजीच्या काळात पितळेच्या भांड्याला कलई का करत, ते लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि बग्गी वाळूत उतरवू नका. फोटो सुंदर येतो हे मान्य. पण भरतीच्या रेषेवरून एकदा गेलेली गाडी ब्रेक ड्रममध्ये आणि बेअरिंगमध्ये मीठ-वाळू भरून येते, शिवाय अनेक किनाऱ्यांवर गाड्या न्यायला मनाई असते. चुकून गेलीच, तर त्याच संध्याकाळी चाकं आतून-बाहेरून धुवा. दुसऱ्या दिवशी नाही.

चालवणाऱ्याला काय सांगायचं

बग्गीचं आयुष्य मालकापेक्षा ड्रायव्हरच्या पायात जास्त असतं. चढावर थांबायचं असेल तर ब्रेक लावून थांबा. ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर तोलून धरायची सवय फार जणांना असते. त्यात न फिरणाऱ्या मोटरमधून मोठा करंट जात राहतो. जुन्या कार्बन ब्रशवाल्या डीसी मोटरचा कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, त्याने एकाच जागी भाजतो. नवीन एसी मोटरला ब्रश नसतात, पण म्हणून तिथेही ते बरं नाही.

चार सीटच्या गाडीत चारच माणसं. गणपतीत चाकरमानी आले की सात जण आणि वर आंब्याच्या फळीचा पाट बसतो, हे मला माहीत आहे, नाही म्हणताही येत नाही. तेव्हा निदान दोन फेऱ्या करा. जांभ्याच्या पाखाडीवरून, खड्ड्यांतून भरलेली गाडी दणके खात गेली की बॅटरीच्या प्लेटांवरचं सामान खाली झडतं. ८ व्होल्टच्या बॅटरीचं वजन एकेकीचं तीस किलोच्या आसपास असतं आणि ती नीट आवळलेली नसेल तर आतल्या आत आपटत राहते.

टायरची हवा महिन्यातून एकदा बघा. बहुतेक बग्ग्यांना २० पीएसआयच्या आसपास लागते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा धरा. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. कमी हवेचा टायर गुपचूप बॅटरी पितो.

ग्रीस, मागच्या डिफरन्शिअलचं तेल, ब्रेकची दोरी: वर्षातून एकदा, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीत.

गाडीची आगोट

पावसाळ्याआधी घराची आगोट आपण करतोच. लाकडं भरणं, मिरच्या वाळवणं, पडवीला झापं लावणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून, धुऊन, झाकून ठेवतात. कुठलाही रापणकार होडी खारट अंगाने झाकून ठेवत नाही. बग्गीचं नेमकं उलटं होतं. शेवटचा पाहुणा गेला की ती आहे तशी मांगरात ढकलतात, वर ताडपत्री गुंडाळतात आणि गणपतीच्या आधी आठवण काढतात.

माझाही पहिला संच असाच गेला. मेच्या शेवटी गाडी निम्म्या चार्जवर लावली. लेड ॲसिड बॅटरी नुसती पडूनही महिन्याला पाच ते पंधरा टक्के उतरते, उष्णतेत जास्त. कंट्रोलर आणि मीटरही थोडं थोडं पीत राहतात. ऑगस्टच्या शेवटी प्लग लावला, तर चार्जर सुरूच होईना. अनेक चार्जर संचाचे व्होल्ट फार खाली गेले की त्याला बॅटरी मानतच नाहीत. सहाच्या सहा बॅटऱ्या भंगारात. त्या वर्षी गाडी चालली असेल सगळी मिळून पाच महिने.

म्हणून आता मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी हे करतो. गाडी खालून धुऊन दोन दिवस उन्हात वाळवायची. सांगाड्यावर गंजाचे फोड दिसतील तिथे खरवडून प्रायमर आणि रंग. सांध्यांना ग्रीस, खालच्या पत्र्याला गंजरोधक स्प्रे किंवा तेलाचा हलका हात. टर्मिनल स्वच्छ. पूर्ण चार्ज, मग पाणी. गाडी सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर, शक्य असेल तर चाकं फळीवर. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चार महिन्यांत ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. ताडपत्री गुंडाळायची नाही. वरून सैल टाका आणि खालून हवा जाऊ द्या, नाही तर आत घाम धरतो. माडाखाली अर्थातच नाही. छप्पर फायबरचं असतं, नारळ नसतो.

‘टो’वर खटका, किंवा मुख्य निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: दर तीन आठवड्यांनी वायर जोडून रात्रभर चार्ज. मोबाइलमध्ये गजर लावा. आमच्या एका ठिकाणी ही तारीख गॅसच्या सिलेंडरशेजारच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते, आणि ती चुकत नाही. चार्जला लावायला जाल तेव्हा सीटखाली टॉर्च मारा. उंदरांना तो उबदार कोपरा फार आवडतो आणि वायरचं इन्सुलेशन त्याहून जास्त. एकदा कंट्रोलरच्या शेजारी पूर्ण घरटं सापडलं होतं, पिल्लांसकट.

लिथियमवाल्यांनी इथे उलटं करायचं. ती पूर्ण भरून चार महिने ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि महिना-दीड महिन्याने बघा. तिला पाणी नको, वास नाही, सल्फेशन नाही. फार थंडीत चार्ज करू नये असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याची काळजी कोकणात करायची गरज नाही. उन्हाची करा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला, नुकती फेरी मारून आलेली गरम गाडी लगेच चार्जला लावू नका. उष्णता तशी दोघींचीही वैरी. लेड ॲसिडचा ढोबळ हिशोब असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं.

वादळ आणि पूर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. त्यामुळे वादळाची सूचना आली की गाड्या आधी पूर्ण चार्ज करून घ्या, चार्जर काढा आणि गाडी उंचावर न्या. पूर्ण भरलेली लेड ॲसिड बॅटरी विजेशिवाय महिनाभर तग धरते, निम्मी भरलेली नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तसं पाणी गाडीत शिरलं, तर वाळवून लगेच चालू करून बघायचा मोह आवरा. लिथियमचा पॅक खाऱ्या पाण्यात बुडाला असेल तर तो चार्ज करू नका, घराजवळही ठेवू नका. असे पॅक काही दिवसांनीही पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

बॅटरी बदलायची वेळ

संच तीन वर्षांचा आहे आणि एक बॅटरी गेली, तर एकच नवी घालायचा मोह होतो. नवी बॅटरी जुन्यांच्या संगतीत लवकर म्हातारी होते, कारण चार्जर सगळ्यांना एकसारखं वाढतो आणि भूक प्रत्येकीची वेगळी असते. संच वर्षाच्या आतला असेल तरच एक बदला. नाही तर पूर्ण बदला, आणि जुन्यांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या बॅटऱ्या घरच्या दिव्यांना वापरा.

उलट, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बग्गीत घालू नका. दिसायला त्याच, चार जोडल्या की ४८ व्होल्ट होतात आणि स्वस्तही पडतात. पण त्या दोन पंखे-चार दिवे तासन्‌तास चालवायला बनवलेल्या असतात. चढाचा करंट त्यांना झेपत नाही.

लिथियमवर जायचं असेल तर पैशांच्या आधी दोन प्रश्न विचारा. चार्जर लिथियमचा मिळतोय का? जुना लेड ॲसिडचा चालत नाही. आणि पॅकचा बीएमएस, म्हणजे त्याला सांभाळणारं आतलं सर्किट, किती अँपिअर सोडतो? १०० अँपिअरचा बीएमएस सपाटीवर छान चालतो आणि भरल्या गाडीने चढ आला की सगळं बंद करून टाकतो. गाडीच्या कंट्रोलरचा आकडा बघूनच पॅक घ्या. फायदा मात्र खरा आहे: लेडचा संच पावणेदोनशे किलोंच्या घरात, त्याच गाडीला पुरेसा लिथियम पॅक पन्नासच्या आसपास. वजन उतरल्यावर ब्रेक, टायर आणि स्प्रिंग सगळ्यांनाच बरं वाटतं. वर्षभर रोज धावणाऱ्या गाडीला मी आता लिथियमच सुचवतो. चार महिने चालून आठ महिने उभ्या राहणाऱ्या घरगुती गाडीला लेड ॲसिड आणि तो मोबाइलमधला गजर पुरतो.

जुना संच भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, ॲसिड परसात ओतलं जातं आणि ते विहिरीत उतरतं. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच परत द्या, शिशाचे पैसे किमतीतून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

माझी ती पहिली पांढरी गाडी अजून आहे. पापड झालेला ट्रे कापून नवा बसवला, छप्पर काढलं, मागची सीट काढून फळ्या ठोकल्या. आता ती एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या वाहते. बॅटऱ्यांचा चौथा संच चालू आहे.